आपण या धर्मग्रामाचे कोण?
(शब्द-अभ्यास)



रविवारची मिस्सा संपली की आपण थोडा वेळ चर्चच्या दारात उभे राहतो. एखादा नवीन चेहरा दिसला की सहज विचारतो, “तुम्ही इथले मेंबर आहात का?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ज्याला विचारले जाते, तो मनात काय घेऊन घरी जातो याचा विचार आपण फारसा करीत नाही.

‘मेंबर’, ‘सभासद’, ‘पॅरिशचे लोक’, ‘धर्मग्रामस्थ’, ‘भाविक’, ‘श्रद्धावंत’ असे कितीतरी शब्द आपण रोज वापरतो आणि हे सर्व शब्द एकाच अर्थाचे आहेत असे समजतो. पण प्रत्येक शब्दाला त्याचा स्वतःचा इतिहास आहे, आणि शब्द चुकीच्या अर्थाने वापरला तर माणूस दुखावला जातो. म्हणून या आठवड्यात आपण या शब्दांचा थोडा अभ्यास करू या.

चूक माझीच होती

काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांची नोंद करण्याचे काम माझ्याकडे होते. घरोघरी जायचे, माणसे किती, स्नानसंस्कार कुठे झाला, मुले कितवीत आहेत, हे वहीत लिहायचे. रस्त्याच्या कामावर आलेले एक कुटुंब तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत होते. मेळघाटाकडचे होते. नवरा-बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. रविवारी शेवटच्या बाकावर बसत आणि आशीर्वाद झाला की निघून जात.

मी त्यांच्या खोलीवर गेलो. बाई म्हणाल्या, “आमी इथचे नाई भाऊ. काम सरलं का जाऊ.” मी वहीच्या मागच्या पानावर ‘बाहेरचे’ असा एक शब्द लिहिला आणि पुढच्या घरी गेलो. त्या वर्षी नाताळच्या वेळी घरोघरी जे काही वाटले, ते वहीच्या यादीप्रमाणे वाटले. मागचे पान कोणी उलटले नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती म्हातारी आई वारली. मुलाने कोणाला काही सांगितले नाही. उसने पैसे घेऊन गाडी केली आणि भर पावसात रातोरात तिला गावी नेले. आम्हांला ही गोष्ट कळली ती कित्येक महिन्यांनी. तो आईच्या नावाने मिस्सा सांगायला आला, तेव्हा मी त्याला विचारले, “अरे, इथे फादर होते, आम्ही होतो. सांगितले का नाहीस?” तो खाली मान घालून म्हणाला, “आमी इथचे मेंबर नाई ना भाऊ, म्हनून इचारलं नाई.”

त्याला हा शब्द कोणी शिकवला? मीच शिकवला. वहीच्या मागच्या पानावर. त्या दिवसापासून हा शब्द मला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून मी पुस्तके चाळली, फादरांना विचारले, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

‘मेंबर’ म्हणजे अवयव

आपल्याकडे ‘मेंबर’ म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? ग्रामपंचायतीचा मेंबर, सोसायटीचा मेंबर, बचत गटाचा मेंबर. सोसायटीत शेअर घेतला, पावती फाडली, रजिस्टरला नाव चढले की माणूस सभासद होतो. वर्गणी थकली की नाव कमी होते. सभासदाला हक्क असतात, मत असते, लाभांश असतो. जो सभासद नाही त्याला कर्ज मिळत नाही. हा सगळा हिशेब सोसायटीपुरता अगदी बरोबर आहे.

पण चर्चमध्ये हा शब्द सोसायटीतून आलेला नाही. मूळ लॅटिन शब्द आहे ‘मेम्ब्रुम’, आणि त्याचा साधा अर्थ शरीराचा अवयव असा आहे. हात, पाय, डोळा, कान. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात ख्रिस्तसभेला शरीर म्हटले आहे आणि आपणांस त्या शरीराचे अवयव. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातही हीच उपमा आहे. इंग्रजी बायबलमध्ये या ठिकाणी ‘मेंबर’ शब्द आला, मराठी बायबलमध्ये ‘अवयव’ आला. म्हणजे आपल्या मराठी बायबलने मूळ अर्थ नीट जपला, आणि आपण मात्र बोलताना ‘मेंबर’ म्हणून सोसायटीचा अर्थ चिकटवून बसलो.

सभासद आणि अवयव यांत मोठा फरक आहे. हात वर्गणी भरून शरीराचा होत नाही. पाय लंगडा झाला म्हणून त्याचे नाव कमी होत नाही. उलट, ज्या अवयवाला दुखते त्याच्याकडे सगळ्या शरीराचे लक्ष जाते. करंगळीला ठेच लागली तरी डोळ्यांत पाणी येते. संत पौलाचा सांगण्याचा रोख हाच आहे: जे अवयव दुर्बळ वाटतात, त्यांचीच गरज अधिक असते.

त्या पावसाच्या रात्री एका अवयवाला फार दुखत होते आणि उरलेले शरीर झोपले होते. आम्ही सोसायटीसारखे वागलो, शरीरासारखे वागलो नाही.

गोव्याचा ‘फिर्गजकार’

आता थोडे गोव्याकडे जाऊ या. गोव्यात आणि मंगळूरकडे कोंकणी बोलणारे आपले कॅथोलिक बांधव पॅरिशला ‘फिर्गज’ म्हणतात आणि त्या पॅरिशच्या माणसाला ‘फिर्गजकार’. हा शब्द पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’ या शब्दावरून आला. पोर्तुगीज भाषेत पॅरिशमधल्या माणसाला ‘फ्रेगेस’ म्हणतात. त्याचे मूळ दोन लॅटिन शब्दांत आहे, ‘फिलिउस एक्लेसिए’. अर्थ आहे ‘ख्रिस्तसभेचे लेकरू’.

किती सुंदर अर्थ आहे हा! लेकराला घरात येण्यासाठी पावती लागत नाही. उशिरा आले तर आई रागावते, पण दार उघडते.

पण या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहा. आज पोर्तुगीज भाषेत ‘फ्रेगेस’ म्हटले की दुकानात येणारे गिऱ्हाईक असाही अर्थ होतो, आणि रोजच्या बोलण्यात तोच अधिक चालतो. ज्या शब्दाचा जन्म ‘लेकरू’ म्हणून झाला, तो बाजारात जाऊन ‘गिऱ्हाईक’ झाला. यात मला आपल्यासाठी एक इशारा दिसतो. स्नानसंस्काराला यायचे, लग्नाला यायचे, दाखला न्यायला यायचे आणि काम झाले की निघायचे, असे वागलो तर लेकराचे गिऱ्हाईक व्हायला वेळ लागत नाही. आणि चर्चच्या ऑफिसात बसणाऱ्यांनीही येणाऱ्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहिले, तर दोष फक्त येणाऱ्याचा नाही.

‘पॅरिश’ शब्दाच्या पोटात काय आहे?

आता मुख्य शब्दाकडे येऊ. ‘पॅरिश’ हा इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला आणि लॅटिनमध्ये तो ग्रीक भाषेतून आला. ग्रीक शब्द आहे ‘पारोइकिया’. ‘पारा’ म्हणजे जवळ, बाजूला. ‘ओइकोस’ म्हणजे घर. जो घराच्या बाजूला राहतो, पण त्या घराचा नाही, तो ‘पारोइकोस’. ग्रीक नगरांत जो दुसरीकडून येऊन राहिला आहे आणि ज्याला नागरिकाचे पूर्ण हक्क नाहीत, अशा माणसाला हा शब्द लावीत.

आपल्या मराठीत यासाठी अगदी नेमका शब्द आहे: उपरा, किंवा जुन्या भाषेत उपरी. पेशवाईच्या काळातील कागदपत्रांत मिरासदार आणि उपरी अशी दोन नावे भेटतात. ज्याची जमीन वंशपरंपरेची, तो मिरासदार. जो दुसऱ्या गावाहून येऊन जमीन कसतो पण ज्याचा तिच्यावर वंशपरंपरेचा हक्क नाही, तो उपरी. लक्ष्मण माने यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हेच नाव दिले. या एका शब्दात किती अपमान साठलेला असतो, हे ज्याने तो सोसला आहे त्यालाच ठाऊक.

म्हणजे ‘पॅरिश’ शब्दाचा मूळ अर्थ होतो उपऱ्यांची वस्ती, आणि पॅरिशचा माणूस म्हणजे उपरा! मी ज्याला वहीच्या मागच्या पानावर ‘बाहेरचा’ म्हणून लिहिले, तोच शब्दाच्या खऱ्या अर्थाने पॅरिशचा माणूस होता.

हा शब्द पवित्र शास्त्रात कुठे कुठे आला आहे ते पाहू.

जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात, आब्राहाम स्वतःला ‘पारोइकोस’ म्हणतो. प्रसंग कोणता? त्याची पत्नी सारा मरण पावली आहे. कनान देशात त्याची वीतभरही जमीन नाही. तो तिथल्या हेथी लोकांपुढे उभा राहतो आणि सांगतो की, मी तुमच्यात उपरा आणि पाहुणा आहे, माझ्या मृत माणसाला पुरण्यासाठी मला जागा द्या. ते लोक त्याला सन्मानाने वागवतात आणि आपल्या चांगल्यात चांगल्या कबरेत पुरण्यास सांगतात. शेवटी आब्राहाम ४०० शेकेल रुपे मोजून मखपेलाची गुहा विकत घेतो.

हा अध्याय वाचताना माझे डोळे भरून आले. आपल्या श्रद्धेचा पिता आब्राहाम, आणि त्याला आपल्या माणसासाठी कबर मागावी लागली. हेथी लोकांना आपला देव ठाऊक नव्हता, तरी त्यांनी उपऱ्याला मान दिला. आमच्याकडे मात्र एका मुलाला आपल्या आईसाठी नुसते विचारण्याचेही धैर्य झाले नाही.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मोशे मिद्यान देशात आपल्या मुलाचे नाव गेर्षोम ठेवतो, कारण तो परक्या देशात उपरा झाला होता. तिथेही ग्रीक भाषांतरात हाच शब्द आहे.

नव्या करारात तर एक फार हृद्य प्रसंग आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी दोन शिष्य अम्माऊसकडे चालले आहेत. येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. क्लयपा त्याला जे विचारतो (लूक २४:१८), त्यात येरुशलेमात तात्पुरते राहण्याविषयी जे क्रियापद आले आहे, ते याच शब्दकुळातील आहे. म्हणजे पुनरुत्थित प्रभूलाही उपरा समजण्यात आले. तरी त्या दोघांनी एक गोष्ट चांगली केली: त्या उपऱ्याला आग्रहाने घरी थांबवून घेतले. म्हणूनच भाकर मोडताना त्यांना प्रभू ओळखू आला. थांबवून घेतले नसते, तर प्रभू पुढे निघून गेला असता.

संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (२:११) सर्वच ख्रिस्ती लोकांना ‘पारोइकोस’ म्हणून हाक मारतो. या जगात आपण सगळेच भाड्याच्या खोलीत आहोत असे जणू तो सांगतो. आणि संत पौल इफिसकरांस (२:१९) सांगतो की तुम्ही आता परके आणि उपरे राहिला नाहीत, तुम्ही पवित्र जनांच्या नगरीचे नागरिक आणि देवाच्या घरचे झाला आहात.

मग संत पेत्र खरा की संत पौल? दोघेही खरे. जगाच्या दृष्टीने आपण उपरे आहोत आणि देवाच्या घरात आपण घरचे आहोत. ज्याला स्वतःच्या उपरेपणाची आठवण आहे, तोच दुसऱ्या उपऱ्याला घरचा करू शकतो.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना ही आठवण पक्की होती. इ. स. ९६ च्या सुमारास संत क्लेमेंट यांच्या नावाने ओळखले जाणारे पत्र रोमहून करिंथला गेले. त्याच्या आरंभीच्या अभिवादनात रोममध्ये उपरी म्हणून राहणारी देवाची सभा, करिंथमध्ये उपरी म्हणून राहणाऱ्या देवाच्या सभेला लिहीत आहे असा भाव आहे. पुढे जिथे जिथे असा ख्रिस्ती समूह होता, त्याला ‘पारोइकिया’ म्हणू लागले. आरंभी हा शब्द बिशपांच्या संपूर्ण क्षेत्राला लावीत. कालांतराने तो एका धर्मगुरूकडे सोपवलेल्या लहान क्षेत्रासाठी रूढ झाला, आणि हळूहळू त्याचा मूळ अर्थ लोक विसरले.

ग्राम, पल्ली आणि मंडळी

मराठीत पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतात. वसईकडे हा शब्द घरोघरी चालतो. सातपुड्यापलीकडे हिंदी बोलणारे कॅथोलिक ‘पल्ली’ म्हणतात, आणि पल्ली म्हणजे लहान गाव, पाडा. ग्रीक शब्दात उपरा आहे आणि आपल्या भारतीय शब्दांत गाव आहे. हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

गावात आपलेपणा असतो. कोणाच्या घरी मयत झाले तर अख्ख्या गावाला कळते. या अर्थाने ‘धर्मग्राम’ शब्द फार चांगला. पण गावाला गावकूसही असते. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे आपल्या बापजाद्यांनी चांगलेच अनुभवले आहे. म्हणून ‘धर्मग्राम’ म्हणताना गावाचा आपलेपणा घ्यावा, गावकूस घेऊ नये.

आपले प्रॉटेस्टंट बंधू ‘मंडळी’ म्हणतात. ‘घरची मंडळी’, ‘पाहुणे मंडळी’ असे आपण सहज बोलतो. या शब्दात घरचे आणि पाहुणे एकाच पंगतीला बसतात. हे त्या शब्दाचे मोठे गुण आहेत, आणि ते आपणही शिकावेत.

‘भाविक’ हा शब्दही बातम्यांत आणि पत्रिकांत येतो. आपल्याच जिल्ह्यात शेगावला दूरदूरचे लोक दर्शनाला येतात, त्यांना भाविक म्हणतात. भाविक येतो, दर्शन घेतो, समाधानाने परत जातो. आपण मात्र चर्चला फक्त दर्शनासाठी येत नाही. आपण एकमेकांचे काहीतरी लागतो. म्हणून ‘भाविक’ शब्द चुकीचा नसला तरी अपुरा आहे.

सीमांचे म्हणाल तर त्या माणसांनी आखलेल्या आहेत आणि त्या बदलतात. आपला जळगाव तालुका १९०५ सालापर्यंत अकोला जिल्ह्यात होता, नंतर बुलढाण्यात आला. १९५५ साली अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, त्याआधी हा भाग नागपूर धर्मप्रांतात होता. इथल्या माणसाने घर सोडले नाही, तरी त्याचा जिल्हा बदलला आणि धर्मप्रांतही बदलला. आपल्या गावाच्या नावातही शेजारी आहेच. खानदेशातल्या जळगावपासून ओळख पटावी म्हणून आपण जवळच्या जामोदचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले. शेजाऱ्याशिवाय आपले नावसुद्धा पूर्ण होत नाही!

ख्रिस्तसभेचा कायदा काय म्हणतो?

कोणी म्हणेल, “हे सगळे ठीक, पण नियम म्हणून काही आहे की नाही?” नियम आहे, आणि तो आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ उदार आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ जानेवारी १९८३ रोजी ख्रिस्तसभेची नवी कायदासंहिता जाहीर केली. त्यातील काही कलमे सोप्या शब्दांत देत आहे.

१. माणूस ख्रिस्तसभेत येतो तो स्नानसंस्काराने (कलम ९६ आणि २०४). वर्गणीने नाही, नोंदवहीने नाही.

२. धर्मग्राम म्हणजे श्रद्धावंतांचा एक विशिष्ट समुदाय (कलम ५१५). १९१७ सालच्या जुन्या संहितेत पॅरिशची ओळख धर्मप्रांताच्या प्रदेशाचा एक भाग म्हणून दिली होती. नव्या संहितेने आधी माणसे पाहिली. हद्द आजही आहे (कलम ५१८), पण ती कोणाला वगळण्यासाठी नसून, त्या हद्दीतील एकही श्रद्धावंत धर्मगुरूविना राहू नये यासाठी आहे.

३. कायम राहण्याच्या इराद्याने कोणी धर्मग्रामाच्या हद्दीत राहू लागला, किंवा पूर्ण ५ वर्षे राहिला, की तो त्याचा कायमचा निवास ठरतो. निदान ३ महिने राहण्याच्या इराद्याने आला, किंवा प्रत्यक्ष ३ महिने राहिला, तर तो तात्पुरता निवास ठरतो (कलम १०२). या दोन्हींपैकी कोणत्याही निवासाने तिथले धर्मगुरू त्याचे स्वतःचे धर्मगुरू होतात (कलम १०७). बदलीवर आलेले शिक्षक, दवाखान्यातील नर्सबाई, हंगामापुरते आलेले मजूर, सर्वांना हे लागू आहे. परत जायचे असल्यामुळे गावचा कायमचा निवासही सुटत नाही. म्हणजे अशा माणसाला दोन धर्मग्रामे असतात, आणि आपण मात्र समजतो की त्याला एकही नाही.

४. ज्याचे कुठेच घर नाही, जो सतत फिरतीवर आहे, त्याचे काय? तो त्या वेळी जिथे असेल, तिथले धर्मगुरू त्याचे धर्मगुरू (कलम १०७). ख्रिस्तसभेच्या कायद्यात ‘कोणाचाच नाही’ असा माणूस नाही.

५. धर्मगुरूंनी गरीब, दुःखी, एकाकी आणि आपल्या देशाला पारखे झालेल्या लोकांकडे विशेष लक्ष द्यावे असे कलम ५२९ सांगते. त्यांना हे एकट्याने कसे जमणार? डोळे आणि पाय आपणच व्हायचे आहे.

६. एखादा श्रद्धावंत आपल्या धर्मग्रामाबाहेर मरण पावला, त्याचा देह गावी नेला नाही आणि दफनविधीसाठी दुसरे चर्च ठरलेले नसले, तर जिथे मृत्यू झाला तिथल्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये दफनविधी व्हावा (कलम ११७७). ती म्हातारी आई महिनोन्‌महिने इथे राहिली होती. ती आपलीच होती. पण ती काल रात्रीच इथे आली असती, तरी हे दार तिच्यासाठी उघडे होते.

मग वर्गणी द्यायची नाही का? जरूर द्यायची. ख्रिस्तसभेच्या गरजा भागवण्यास हातभार लावणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे (कलम २२२). पण क्रम उलटा करू नये. आपण घरचे आहोत म्हणून घरखर्चाला हात लावतो. खर्च दिला म्हणून घरचे होत नाही.

आणि नोंदवही? स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी नीट ठेवाव्यात असे कलम ५३५ सांगते. कुटुंबांची नोंदही हवीच. नोंद नसेल तर आजारी कोण, एकटे कोण, हे धर्मगुरूंना कसे कळणार? मेंढपाळ मेंढरे मोजतो ती हरवलेले शोधण्यासाठी. नोंदवही याच कामासाठी आहे.

मग कोणता शब्द वापरावा?

माझे नम्र मत असे की कोणताही एक शब्द पुरणार नाही, पण प्रत्येकातून एक गोष्ट घ्यावी. ‘अवयव’ या शब्दाने आपणांस एकमेकांचे दुःख कळावे. ‘लेकरू’ म्हणताना आपण हक्काने घरी यावे. ‘धर्मग्रामस्थ’ म्हणताना शेजारधर्म आठवावा. ‘श्रद्धावंत’ म्हणताना आपली खरी ओळख श्रद्धा आहे हे विसरू नये. आणि ‘उपरा’ या शब्दाने आपला गर्व जिरावा.

रोजच्या बोलण्यात ‘मेंबर’ राहिला तरी हरकत नाही. रुळलेला शब्द एका दिवसात जात नाही. फक्त तो प्रश्न म्हणून विचारू नये. “तुम्ही इथले मेंबर आहात का?” याऐवजी “कुठे राहता? या, बसा, चहा घेऊन जा,” असे म्हणावे. माहिती तीच मिळते आणि माणूसही मिळतो.

पोप जॉन तेविसावे पॅरिशला गावाच्या पाणवठ्याची उपमा देत असत, जिथे सगळे तहान भागवायला येतात. ही उपमा आपल्याइतकी कोणाला कळणार? पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात जमिनीखाली पाणी असूनही ते पिता येत नाही. अशा गावात जिथे गोडे पाणी मिळते, तिथे येणाऱ्याला कोणी विचारत नाही की तू कोणत्या वॉर्डाचा. आपले चर्च खारे की गोडे, हे शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला सर्वांत आधी कळते.

त्या मुलाच्या आईसाठी मिस्सा झाली. तो कामगार आता इथे नाही. रस्ता पूर्ण झाला आणि कुटुंब पुढच्या कामावर गेले. आज ते ज्या धर्मग्रामात असतील, तिथे कोणीतरी त्यांचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहिले असावे, एवढीच माझी प्रार्थना आहे. आपल्या वहीतले ते मागचे पान मी फाडले नाही. त्यावरचा ‘बाहेरचे’ हा शब्द खोडला आणि त्या पाचही जणांची नावे लिहिली. आईच्या नावापुढे क्रूस काढला.

चिंतनासाठी आणि कुटुंबात बोलण्यासाठी

१. मी स्वतः कधी परक्या गावात, परक्या चर्चमध्ये उपरा होतो का? तेव्हा माझ्याशी कोण बोलले?

२. माझ्या गल्लीत किंवा कामाच्या ठिकाणी असे कोणी कॅथोलिक कुटुंब आहे का, जे नव्याने आले आहे आणि ज्याची फादरांना माहिती नाही? या आठवड्यात मी त्यांच्याकडे जाईन का?

३. मी चर्चचे लेकरू आहे की गिऱ्हाईक?

४. उत्पत्ती अध्याय २३ आणि लूक २४:१३-३५ हे दोन उतारे या आठवड्यात घरी मोठ्याने वाचावेत.

येशू ख्रिस्ता, तू आमच्यामध्ये उपरा होऊन आलास. आमच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसात आम्ही तुला ओळखावे आणि त्याला थांबवून घ्यावे, अशी कृपा आम्हां सर्वांना दे. आमेन.